पीक बुरशीजन्य रोगाला बळी का पडते: नव्या संशोधकासाठी मार्गदर्शक

पिकावर तांबेरा, करपा किंवा भुरी दिसू लागली की रोगाचे नाव, बुरशीचे नाव आणि फवारणीचे औषध यांची चौकशी लगेच होते. परंतु त्याच हवेत, त्याच मातीत आणि त्याच बीजाणूंच्या संपर्कात असलेल्या दोन वाणांपैकी एक का करपतो आणि दुसरा का तगतो, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. हा लेख त्या प्रश्नावर प्रथमच काम करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, रोपपैदास विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी आणि वनस्पतिशास्त्राची सामान्य ओळख असलेल्या जिज्ञासूंसाठी आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कोणतीही एक वनस्पती निसर्गातील बहुतेक सर्व बुरशींना दाद देत नाही. गव्हाच्या पानावर असंख्य प्रकारचे बीजाणू येऊन पडतात आणि त्यांतील मोजक्याच बुरशी त्याला आजारी पाडू शकतात. म्हणजे रोगाला बळी पडणे हा अपवाद आहे आणि स्पष्टीकरण हवे ते या अपवादाचे. हे स्पष्टीकरण दोन दिशांनी शोधता येते: झाडाकडे संरक्षणाची एखादी गोष्ट कमी आहे का, आणि झाडाकडे अशी एखादी गोष्ट आहे का की जिचा बुरशी स्वतःसाठी उपयोग करून घेते. नवा संशोधक पहिली दिशा आपोआप धरतो आणि दुसरी विसरतो. माझ्या मते दुसऱ्या दिशेकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवणे हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची सवय आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या तिला धरून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: प्रश्नाला तुलनेचे रूप द्यावे

'टोमॅटो करप्याला बळी का पडतो' या प्रश्नावर प्रयोग करता येत नाही, कारण त्यात तुलना नाही. 'ठरावीक वयाच्या रोपांवर, ठरावीक तापमानाला आणि बुरशीच्या ठरावीक आयसोलेटविरुद्ध (म्हणजे रोगट झाडातून वेगळा करून वाढवलेल्या नमुन्याविरुद्ध), अ या वाणावर ब या वाणापेक्षा अधिक डाग का पडतात' हा प्रश्न रुक्ष वाटला तरी त्याचे उत्तर मिळू शकते. वाण, अवयव, वय, बुरशीचा नमुना आणि परिस्थिती या पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक जरी बदलली तरी तो वेगळा प्रश्न समजावा. काही वाण रोपावस्थेत तांबेऱ्याला सहज बळी पडतात आणि प्रौढ अवस्थेत त्याला चांगला प्रतिकार करतात. गव्हातील एलआर 34 या जनुकाचा परिणाम प्रामुख्याने प्रौढ झाडाच्या वरच्या पानावर दिसतो. केवळ कुंडीतील कोवळ्या रोपांवर चाचणी घेणारा संशोधक अशा वाणाला सरळ 'रोगग्राही', म्हणजे रोगाला सहज बळी पडणारा, ठरवून मोकळा होईल.

याच वेळी तीन संकल्पना वेगळ्या करून घ्याव्यात. प्रतिकार म्हणजे झाडाने बुरशीची वाढ रोखणे किंवा मंदावणे. सहनशीलता म्हणजे बुरशी वाढूनही उत्पन्नात फारशी घट न होणे. आणि रोग टळणे म्हणजे बुरशी व झाड यांची योग्य वेळी गाठच न पडणे, जसे लवकर फुलणारा वाण फुलोऱ्यातील लागणीचा काळ चुकवतो किंवा उंच, मोकळ्या ठेवणीच्या झाडाची पाने पावसानंतर लवकर सुकतात. शेतात निरोगी दिसणाऱ्या वाणाच्या मागे या तिघांपैकी कोणते कारण आहे हे कृत्रिम लागण केल्याशिवाय कळत नाही, आणि रोग टळल्याने निरोगी राहिलेल्या वाणात प्रतिकाराचे जनुक शोधत बसणे म्हणजे निव्वळ वर्षे वाया घालवणे होय.

दुसरी पायरी: बुरशीची जगण्याची रीत समजून घ्यावी

बुरशी झाडापासून अन्न कसे मिळवते यावर बळी पडण्याचे कारण बरेचसे अवलंबून असते. तांबेरा आणि भुरी यांच्या बुरशी जिवंत पेशींवरच जगतात. त्या पेशीभित्तिका भेदून आत शोषकांग घालतात, परंतु पेशीचे पटल फाडत नाहीत, आणि पेशी मेली की त्यांचेही अन्न संपते. याउलट पानांवर ठिपके पाडणाऱ्या अनेक बुरशी विष किंवा विकरे सोडून आधी पेशी मारतात आणि मग मृत ऊतींवर वाढतात. भातावरील करप्याची बुरशी या दोहोंच्या मधली आहे. ती सुरुवातीचे काही दिवस जिवंत पेशींत राहते आणि नंतर त्या मारू लागते.

हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशीची चाहूल लागताच लागण झालेली पेशी स्वतःहून मरते आणि बुरशीची कोंडी होते, हा झाडाचा एक प्रभावी बचाव आहे. परंतु मृत पेशींवर जगणाऱ्या बुरशीला हाच बचाव मेजवानीसारखा आहे. ओटच्या पिकात हे फार स्पष्टपणे दिसले. तांबेऱ्याच्या एका प्रकाराला प्रतिकार करणारा व्हिक्टोरिया हा वाण व त्यापासून तयार केलेले वाण 1940 च्या दशकात अमेरिकेत मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात आधी फारशी कोणाला माहीत नसलेल्या कॉक्लिओबोलस व्हिक्टोरिए या बुरशीने नेमके तेच वाण उद्ध्वस्त केले. ही बुरशी व्हिक्टोरिन नावाचे विष तयार करते. तांबेऱ्याला प्रतिकार देणारा गुण आणि या विषाला संवेदनशील असण्याचा गुण पैदासकारांना कितीही संकर करून एकमेकांपासून अलग करता आले नाहीत. पुढे 2007 मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत व्हिक्टोरिनला संवेदनशील करणारे एलओव्ही 1 हे जनुक सापडले, तेव्हा ते रोगप्रतिकाराच्या जनुकांच्याच कुळातले निघाले. गव्हातही तसेच आहे. 2010 मध्ये ओळखले गेलेले टीएसएन 1 हे जनुक रचनेने प्रतिकार जनुकासारखे दिसते, परंतु ते असलेला गहू टॉक्स-ए हे विषारी प्रथिन सोडणाऱ्या बुरशींना बळी पडतो आणि ते नसलेला गहू त्या विषापासून सुरक्षित राहतो. म्हणून 'प्रतिकार जनुक गेले आणि झाड दुबळे झाले' हे वाक्य लिहिण्यापूर्वी समोरची बुरशी कशी जगते हे पाहावे.

एक पोटमुद्दा येथेच सांगून टाकतो. बटाट्याचा उशिरा येणारा करपा आणि केवड्याचे रोग यांना रोजच्या बोलण्यात बुरशीजन्य म्हणतात, परंतु त्यांचे रोगकारक ऊमायसीट या वेगळ्या गटातील आहेत. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याची दाणादाण उडवणारा रोगकारक याच गटातला. त्यांच्या पेशीभित्तिकेत मुख्यत्वे सेल्युलोज व ग्लुकन असते आणि खऱ्या बुरशींच्या भित्तिकेत आढळणारे कायटिन नगण्य असते. त्यामुळे कायटिनला चिकटणारी रंजके किंवा कायटिन ओळखणाऱ्या झाडाच्या ग्राहकांविषयीचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तिसरी पायरी: शुद्ध संवर्ध मिळवावा आणि त्याची ओळख पटवावी

शेतातून आणलेल्या एका डागावर अनेक बुरशी नांदत असतात आणि माध्यमावर सर्वांत वेगाने वाढणारी बुरशीच रोगाचे कारण असते असे मुळीच नाही. त्यामुळे नमुना डागाच्या मध्यातून न घेता रोगट व निरोगी ऊतींच्या सीमेवरून घ्यावा, त्याचे लहान तुकडे सुमारे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सुमारे मिनिटभर बुडवून निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा धुवावेत आणि मग बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर ठेवावेत. वाढ दिसू लागल्यावर एका बीजाणूपासून वाढवलेला संवर्ध, म्हणजे वेगळी जोपासलेली बुरशी, तयार करणे अनिवार्य आहे. दोन आयसोलेटची सरमिसळ असलेल्या संवर्धावरून काढलेल्या निष्कर्षांना काही अर्थ उरत नाही. तांबेरा आणि भुरीच्या बुरशी सर्वसाधारण कृत्रिम माध्यमावर वाढत नाहीत. त्यांचा शुद्ध संवर्ध रोगग्राही वाणाच्या जिवंत पानांवरच, एका पुळीपासून किंवा एका ठिपक्यापासून वाढवावा लागतो आणि तो इतर आयसोलेटपासून अलग ठेवावा लागतो.

ओळख पटवताना सूक्ष्मदर्शकाखालील बीजाणूंचा आकार आणि डीएनए या दोन्हींचा आधार घ्यावा. आयटीएस या डीएनएच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या भागाचा क्रम सुरुवातीला उपयोगी पडतो, परंतु फ्युजेरियम किंवा कोलेटोट्रायकम यांसारख्या प्रजातींनी गजबजलेल्या गटांत तेवढ्याने भागत नाही. फ्युजेरियमसाठी टीईएफ 1 या जनुकाचा क्रम घेण्याची रीत आहे. त्यानंतर कॉखच्या कसोट्या पूर्ण कराव्यात: शुद्ध संवर्धाने निरोगी झाडाला लागण करावी, तीच लक्षणे दिसतात का पाहावे आणि त्या झाडातून तीच बुरशी पुन्हा मिळवावी. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून ते टाळण्याचा मोह होतो. कृपया टाळू नये.

संवर्ध मिळताच त्याच्या अनेक प्रती दीर्घकालीन साठवणीत ठेवाव्यात. माध्यमावर वारंवार नवे संवर्धन करत राहिल्यास अनेक बुरशींची रोग घडवण्याची क्षमता किंवा बीजाणू तयार करण्याची क्षमता घटते, आणि वर्षभरानंतर प्रयोगात आलेला फरक झाडामुळे आहे की थकलेल्या संवर्धामुळे हे सांगता येत नाही. दुसऱ्या प्रदेशातून आयसोलेट मागवायचे असल्यास विलगीकरणाचे नियम आणि परवानग्या आधी पाहाव्यात. स्थानिक पिकात नसलेला वंशप्रकार (त्याच बुरशीचा वेगळ्या वाणांना बळी पाडणारा प्रकार) प्रयोगशाळेतून बाहेर पडला तर होणारे नुकसान कोणत्याही शोधनिबंधाने भरून निघणार नाही.

चौथी पायरी: तुलनेसाठी झाडे निवडावीत

एक अत्यंत रोगग्राही वाण आणि एक अत्यंत प्रतिकारक्षम वाण घेऊन त्यांची तुलना करणे सोपे असते, पण त्या दोघांत हजारो जनुकांचा फरक असतो आणि त्यांतील कोणत्या फरकामुळे रोग येतो हे त्या तुलनेतून कळत नाही. शक्य असल्यास केवळ एका जनुकीय भागात फरक असलेल्या जवळजवळ समान ओळी (पैदाशीने तयार केलेले वंश), किंवा एकाच वाणापासून मिळवलेले उत्परिवर्तित झाड आणि त्याचा मूळ वाण, अशी जोडी घ्यावी. अशी जोडी उपलब्ध नसेल तर दोनऐवजी अनेक वाण घ्यावेत, म्हणजे एखादा गुण रोगाबरोबर सातत्याने येतो की योगायोगाने, हे पडताळता येते. प्रत्येक प्रयोगात ज्याचे वर्तन आधीपासून माहीत आहे असा एक रोगग्राही आणि एक प्रतिकारक्षम वाण तपासणीसाठी असलाच पाहिजे. रोगग्राही तपासणी वाणावर रोग आला नाही तर तो प्रयोग बाद समजावा, मग इतर आकडे कितीही सुंदर दिसोत.

पाचवी पायरी: लागण करण्याची पद्धत पक्की करावी

माझ्या समजुतीप्रमाणे नवख्यांचे सर्वाधिक प्रयोग येथेच फसतात. बीजाणूंची संख्या, पान ओले राहण्याचा काळ, तापमान, प्रकाश आणि रोपाचे वय यांपैकी प्रत्येक गोष्ट रोगाचे प्रमाण बदलू शकते, आणि त्या बदलाला वाणातील फरक समजण्याची चूक सहज होते.

बीजाणू मोजण्यासाठी हिमोसायटोमीटर, म्हणजे चौकोन आखलेली काचपट्टी, वापरतात. त्यातील 1 चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चौकोनावरील द्रवाची जाडी 0.1 मिलिमीटर असते, म्हणून त्या चौकोनातील सरासरी संख्येला 10,000 ने गुणले की दर मिलिलिटरमागची संख्या मिळते. समजा सरासरी 25 बीजाणू मोजले गेले, तर द्रावणात दर मिलिलिटरला 2.5 लाख बीजाणू आहेत. भातावरील करप्यासाठी पुष्कळदा दर मिलिलिटरला सुमारे 1 लाख बीजाणू वापरतात. तेवढे प्रमाण हवे असल्यास 10 मिलिलिटर द्रावणात 15 मिलिलिटर पाणी मिसळावे. मोजलेले सर्व बीजाणू जिवंत असतील असे नाही, म्हणून थोडे द्रावण पाणी-अगारवर टाकून किती टक्के बीजाणू रुजतात हेही त्याच दिवशी नोंदवावे. पानाच्या मेणचट पृष्ठभागावरून द्रावण ओघळू नये यासाठी ट्वीन 20 हे साबणासारखे द्रव्य अत्यल्प प्रमाणात, सुमारे 0.02 टक्के, मिसळतात. फवारणीनंतर रोपे साधारण दिवसभर अंधारात आणि संपृक्त आर्द्रतेत ठेवावी लागतात. भुरीच्या बाबतीत मात्र पाण्याचे द्रावण वापरू नये. तिचे बीजाणू पाण्यात बिघडतात आणि मुक्त पाण्याशिवायही रुजतात, म्हणून रोगट पाने झटकून किंवा हवेच्या झोताने कोरडे बीजाणू समप्रमाणात पाडावेत आणि एका काचपट्टीवर पडलेल्या बीजाणूंची दाटी मोजून घ्यावी.

नियंत्रण म्हणून काही रोपांवर बीजाणूविरहित तेच द्रावण फवारावे आणि ती रोपे तितकाच वेळ आर्द्रतेत ठेवावीत, कारण दीर्घकाळ ओल्या राहिलेल्या पानाच्या पेशींमध्येही बदल होतात आणि त्यांना बुरशीचा परिणाम समजले जाऊ नये.

जागा अपुरी असेल तर तोडलेली पाने अगारवर ठेवून चाचणी घेता येते. पान लवकर पिवळे पडू नये म्हणून त्या अगारमध्ये बेंझिमिडॅझोल घालण्याची पद्धत आहे. ही सोय मोलाची असली तरी तोडलेले पान म्हणजे जखमी आणि वृद्धत्वाकडे झुकलेले पान असते, आणि मृत पेशींवर जगणाऱ्या बुरशीला नेमके तसेच पान हवे असते. म्हणून तोडलेल्या पानावर मिळालेला प्रत्येक महत्त्वाचा निष्कर्ष अखंड झाडावर पडताळावा.

सहावी पायरी: रोग मोजावा, पण एकाच आकड्यात कोंबू नये

'रोगाचे प्रमाण 40 टक्के' हा आकडा अनेक घटनांची बेरीज असतो. लागणीनंतर पहिले लक्षण किती दिवसांनी दिसले, किती ठिकाणी लागण यशस्वी झाली, प्रत्येक डाग किती वाढला, नवे बीजाणू किती दिवसांनी आणि किती तयार झाले, या प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र नोंद ठेवली तर कारणाचा माग लागतो. डाग कमी पण मोठे असतील तर अडथळा प्रवेशाच्या टप्प्यावर आहे आणि एकदा आत शिरलेल्या बुरशीला रोखणारे काही नाही असा अंदाज बांधता येतो. डाग पुष्कळ पण बारीक आणि बीजाणूविरहित असतील तर उलट स्थिती असते.

रोग काळानुसार कसा वाढला हे सांगण्यासाठी रोगवाढीच्या वक्राखालील क्षेत्रफळ काढतात. लागोपाठच्या दोन निरीक्षणांची सरासरी घेऊन तिला मधल्या दिवसांनी गुणावे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करावी. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी रोग अनुक्रमे 10, 30 आणि 60 टक्के असेल तर हे क्षेत्रफळ 140 अधिक 315, म्हणजे 455 टक्के-दिवस होते. गुण देणाऱ्या व्यक्तीला वाणाचे नाव माहीत नसावे. कुंड्यांवर केवळ क्रमांक असावेत आणि नावांची यादी मोजणी संपेपर्यंत बाजूला ठेवावी. प्रतिकारक्षम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाणावरील डाग नकळत लहान दिसतात, आणि या ओढीपासून अनुभवी माणूसही मुक्त नसतो. डोळ्यांनी न दिसणारी बुरशी मोजायची असल्यास बुरशीच्या आणि झाडाच्या डीएनएचे परस्पर प्रमाण क्यूपीसीआर या डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या पद्धतीने काढता येते.

सातवी पायरी: सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची वाट कोठे वेगळी होते ते पाहावे

संपूर्ण अभ्यासात मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी हीच आहे, आणि जनुकांच्या याद्यांकडे धावण्याच्या घाईत तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. लागण केलेली पाने ठरावीक तासांनी, उदाहरणार्थ 6, 12, 24, 48 आणि 72 तासांनी, घ्यावीत, त्यांतील हरितद्रव्य काढून टाकावे आणि बुरशी रंगवून पाहावी. ट्रिपॅन ब्लू हे रंजक बुरशीचे तंतू आणि झाडाच्या मेलेल्या पेशी दोन्ही निळ्या करते. डीएबी हे रसायन हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेल्या जागी तपकिरी होते. अॅनिलीन ब्लू वापरल्यास बुरशीला अडवण्यासाठी झाडाने पेशीभित्तिकेशी साठवलेला कॅलोज अतिनील प्रकाशात चमकतो. रंजनाच्या अनेक द्रावणांत फिनॉल असते, त्यामुळे हातमोजे आणि हवा खेचणारे कपाट अनिवार्य आहे.

आता प्रत्येक नमुन्यात किमान काही डझन बीजाणूंमागे जाऊन त्यांचे काय झाले ते मोजावे: बीजाणू रुजला का, त्याने पानाला चिकटून आत घुसण्याचा फुगीर अवयव, म्हणजे अॅप्रेसोरियम, तयार केला का, भित्तिका भेदली का, पहिल्या पेशीत वाढ झाली का आणि दुसऱ्या पेशीत प्रवेश मिळाला का. करप्याच्या बुरशीचे अॅप्रेसोरियम सुमारे 8 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळपास 80 पट, दाब निर्माण करून भित्तिका फोडते. गव्हाच्या तांबेऱ्याचे उन्हाळी बीजाणू मात्र रुजल्यावर पर्णरंध्र शोधून त्यातून आत शिरतात. म्हणून एका रोगात पानाच्या बाह्य त्वचेची रचना निर्णायक ठरू शकते आणि दुसऱ्यात पर्णरंध्रांची मांडणी. दोन वाणांत बीजाणू रुजण्यापासून भित्तिका भेदण्यापर्यंत काहीही फरक नसेल आणि दुसऱ्या पेशीत प्रवेशाच्या वेळी फरक पडत असेल, तर मेणाच्या थराचे रासायनिक पृथक्करण करण्यात अर्थ नाही. एवढ्या एका निरीक्षणाने संभाव्य कारणांची यादी निम्म्याहून लहान होते.

आठवी पायरी: आनुवंशिक कारणाचा शोध

रोगाला बळी पडण्याचा किंवा न पडण्याचा गुण पुढील पिढ्यांत कसा उतरतो हे पाहणे ही जुनी पण आजही भक्कम पद्धत आहे. रोलंड बिफेन यांनी 1905 मध्ये गव्हातील पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार उतरतो हे दाखवले, आणि त्यांच्या संकरात तो प्रतिकार आनुवंशिक अर्थाने अप्रभावी होता, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसत होता. पुढे 1940 च्या दशकात हॅरॉल्ड फ्लॉर यांनी जवस आणि त्यावरील तांबेरा या दोहोंची आनुवंशिकता एकाच वेळी अभ्यासली आणि झाडातील प्रत्येक प्रतिकार जनुकाशी जुळणारे एक जनुक बुरशीत असते हे मांडले. फ्लॉर यांच्या कामातून घ्यावयाचा धडा व्यवहारातलाही आहे: प्रतिकार किंवा रोगग्राह्यता हा एकट्या झाडाचा गुण नसून झाड आणि बुरशी यांच्या जोडीचा गुण आहे, म्हणून आयसोलेटचे नाव न लिहिता केलेले विधान अपुरे आहे.

संकराच्या दुसऱ्या पिढीत 120 झाडांपैकी सुमारे 90 रोगग्राही आणि 30 प्रतिकारक्षम निघाली, तर बळी पडण्याचा गुण एका जनुकाचा आणि प्रभावी असावा असे गृहीतक मांडता येते. मग असा विचार करावा: बळी पडण्यासाठी जनुक कार्यरत असावे लागत असेल, तर ते जनुक बुरशीला साहाय्यभूत ठरत आहे. सातूतील एमएलओ हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण होय. क्ष-किरणांनी घडवलेले त्याचे उत्परिवर्तन 1942 मध्ये जर्मनीत नोंदवले गेले. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या सातूवर भुरीची बुरशी भित्तिका भेदू शकत नाही, आणि हा प्रतिकार शेतात दशकानुदशके टिकला आहे. इथिओपियाच्या पारंपरिक सातूमध्ये असेच नैसर्गिक उत्परिवर्तन आढळले. जनुक 1997 मध्ये वेगळे करण्यात आले आणि 2014 मध्ये गव्हातील त्याच्या तिन्ही जोड्या जनुकसंपादनाने निकामी करून भुरीला प्रतिकार करणारा गहू तयार झाला.

मात्र झाडाने हे जनुक बुरशीच्या सोयीसाठी बाळगलेले नसते. एमएलओ निकामी असलेल्या सातूच्या पानांवर आपोआप मृत पेशींचे ठिपके पडतात आणि ते रोप काही परिस्थितींत करप्याच्या बुरशीला अधिक बळी पडते. भाताच्या पीआय 21 या जनुकाचेही प्रकरण मुळातून अभ्यासावे असे आहे. 2009 मध्ये दाखवले गेले की त्याचे कार्य कमी झालेले रूप करप्याला टिकाऊ प्रतिकार देते, परंतु त्याच्या अगदी शेजारी भाताची चव बिघडवणारे जनुक असल्याने ते पैदाशीत दीर्घकाळ वापरता आले नव्हते.

जनुकाच्या शोधाची आधुनिक साधने अनेक आहेत: गुणांशी निगडित जनुकीय भागांची नकाशानिश्चिती, शेकडो वाणांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना, आणि लागणीनंतर कार्यरत होणाऱ्या जनुकांची मोजणी. यांतील शेवटच्या पद्धतीबद्दल सावध राहावे. लागणीनंतर हजारो जनुकांचे कार्य बदलते आणि त्यांतील बहुतेक बदल रोगाचे परिणाम असतात, कारण नव्हेत. ज्या वाणात बुरशी दहापट वाढली आहे त्या वाणात प्रतिसादही मोठा दिसणारच. कारण म्हणून एखाद्या जनुकाचे नाव घ्यायचे असेल तर ते निकामी केल्यावर रोगग्राह्यता घटली पाहिजे आणि कार्यरत रूप परत घातल्यावर ती पूर्ववत झाली पाहिजे.

नववी पायरी: परिस्थिती बदलून पाहावी

प्रयोगशाळेत 20 अंश सेल्सिअसला प्रतिकारक्षम ठरलेला वाण उष्ण दिवसांत बळी पडू शकतो. गव्हातील एसआर 6 हे खोडावरील तांबेऱ्याविरुद्धचे जनुक तापमान वाढले की निष्प्रभ होते, तर वायआर 36 हे पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे जनुक उलट वाढत्या तापमानाला काम करते. नत्राची मात्रा वाढवल्यास भातावरील करपा वाढतो आणि सिलिकॉन पुरवल्यास तो कमी होतो, हे अनेकवार दिसून आले आहे. म्हणून किमान दोन तापमानांना आणि दोन नत्रमात्रांना मुख्य प्रयोग पुन्हा करावा, आणि शक्य असल्यास एकाहून अधिक आयसोलेट वापरावेत. 1970 मध्ये अमेरिकेतील मक्याचे सुमारे 15 टक्के पीक एका करप्याने नेले. नर-वंध्यत्वासाठी वापरलेला टेक्सास पेशीद्रव्य हा घटक बहुतेक क्षेत्रावर सारखा होता आणि नव्या वंशप्रकाराचे विष त्यातील कणसूत्रातल्या एका प्रथिनावरच काम करत होते. आधीच्या वंशप्रकारांवर केलेल्या चाचण्यांत हे पेशीद्रव्य धोक्याचे ठरले नव्हते.

दहावी पायरी: आकडेवारी आणि विधान

एका कुंडीतील पाच रोपांची दहा-दहा पाने मोजली म्हणून पन्नास पुनरावृत्त्या होत नाहीत. लागण जर कुंडीला दिली असेल तर कुंडी हे एकक आहे, आणि एकाच आर्द्रताकक्षात ठेवलेल्या सर्व कुंड्या त्या कक्षाच्या बऱ्यावाईटात भागीदार असतात. म्हणून कुंड्यांची मांडणी यादृच्छिक करावी, प्रत्येक गटात सर्व वाण यावेत असे पाहावे आणि संपूर्ण प्रयोग नव्याने तयार केलेल्या बीजाणूद्रावणासह वेगळ्या दिवशी पुन्हा करावा. 0 ते 4 सारखी क्रमवार श्रेणी साध्या सरासरीच्या गणिताला शोभत नाही, कारण 1 आणि 2 मधले अंतर 3 आणि 4 मधल्या अंतराइतके असेलच असे नाही. प्रयोग मांडण्यापूर्वीच संख्याशास्त्रज्ञाशी बोलावे, आकडे हाती आल्यानंतर नव्हे.

अहवाल लिहिताना विधानाची उंची पुराव्याइतकीच ठेवावी. वाणांतील फरक एका आयसोलेटवर दिसला असेल तर तेवढेच लिहावे. सूक्ष्मदर्शकात भेद कोणत्या टप्प्यावर पडला ते कळले असेल तर त्या टप्प्याचे नाव घ्यावे. रोगग्राह्यतेशी निगडित जनुकीय भाग मिळाला असेल तर त्याला 'संबंधित' म्हणावे. आणि जनुक निकामी करून व परत घालून दोन्ही बाजूंनी पडताळा मिळाला, तरच 'कारण' हा शब्द वापरावा. वापरलेल्या प्रत्येक वाणाचे बियाणे आणि प्रत्येक आयसोलेटचा संवर्ध क्रमांकासह जतन करून त्याची माहिती अहवालात द्यावी, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच जोडी समोरासमोर आणून तोच प्रयोग करता येईल.